भिडले, पटले, जमले

नुकताच पाहिलेला सिनेमा आणि नुकतेच वाचून संपवलेले पुस्तक यांविषयी मित्रमैत्रिणींनी एकमेकांना मत सांगणे ही गोष्ट इतकी रोजची आहे, की तिला वेगळे नाव देण्याची गरज मराठीत कधी कुणाला भासली नाही. समीक्षा, परीक्षण, रसग्रहण, आस्वाद असे भारदस्त शब्द भाषेत आहेत, पण ते लिहिणाऱ्यांच्या कामाचे. लोकलच्या डब्यात, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयाच्या पायरीवर किंवा रात्री उशिरा फोनवर जे बोलले जाते, त्याला नुसते ‘गप्पा’ म्हटले जाते. समीक्षेत जे कसून मांडले जाते तेच या गप्पांत सैल होऊन येते, असा एक समज अभ्यासकांमध्ये आहे आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. कारण सर्वसामान्य वाचकाचे आणि प्रेक्षकाचे मत छापील परीक्षण वाचून क्वचितच तयार होते, ते बहुधा याच गप्पांत, दुसऱ्याला सांगता सांगता आकाराला येते, आणि सांगण्यापूर्वी ते नेमके काय होते हे सांगणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

या गप्पांची भाषा बारकाईने ऐकली, तर तिच्यात कलाविचाराची एक सुटसुटीत पण पक्की घडण सापडते. ‘भिडला नाही’, ‘पटला नाही’ आणि ‘जमला नाही’ या तीन तक्रारी मराठी बोलणारा माणूस सहसा एकमेकींच्या जागी वापरत नाही. भिडणे म्हणजे दोन वस्तूंच्या कडा मध्ये फट न राहता एकमेकींना टेकणे. कलाकृती भिडली असे म्हणताना ती आणि मन यांच्यातले अंतर नाहीसे झाले, एवढेच सांगायचे असते, आणि ती चांगली होती की वाईट याचा निवाडा त्यात अजून आलेला नसतो. पटणे हा विश्वासार्हतेचा प्रश्न आहे: दोन तास बापासमोर मान वर न करणारा मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत एकाएकी त्याला चार खडे बोल सुनावतो, तेव्हा प्रेक्षकाला संवाद कितीही आवडले तरी ते पात्र पटत नाही. जमणे हा कारागिरीचा शब्द आहे. भाकरी जमते, बेत जमतो, मैफल जमते, आणि या प्रत्येक ठिकाणी अनेक गोष्टी योग्य वेळी योग्य प्रमाणात एकत्र याव्या लागतात; सिनेमा जमला म्हणजे अभिनय, संकलन, संगीत आणि कथा यांनी एकमेकांना सांभाळून घेतले. ‘रडू आले, पण शेवट काही पटला नाही’ हे वाक्य कुठल्याही घरात ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्या व्यक्तीने भावनिक परिणाम आणि तर्कसंगती हे दोन निकष वेगळे काढून प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे दिलेला असतो. साहित्यशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट शिकवायला बराच वेळ लागतो.

‘इंटरव्हलनंतर ढेपाळतो’ हे मतही असेच अर्थपूर्ण आहे. भारतात सिनेमा मध्यंतरासह दाखवण्याची रीत असल्यामुळे पटकथा दोन भागांत बांधली जाते, मध्यंतरापूर्वी एक मोठे वळण ठेवले जाते आणि उत्तरार्धाने त्या वळणाचे देणे फेडायचे असते. ते फेडले गेले नाही, हे ज्याने पटकथालेखनाचे एकही पुस्तक पाहिलेले नाही असा प्रेक्षकही या दोन शब्दांत सांगतो. पुस्तकाच्या बाबतीत ‘पहिली पन्नास पाने नेट लावून वाच, मग सोडवत नाही’ हा सल्ला लेखकाच्या रचनेविषयी जितका आहे तितकाच ऐकणाऱ्याच्या चिकाटीविषयीही आहे. सल्ला देणाऱ्याला समोरची व्यक्ती विसाव्या पानावर पुस्तक मिटून ठेवणारी आहे हे ठाऊक असते, आणि म्हणूनच तो पानांचा आकडा सांगतो.

मराठीच्या व्याकरणातही या व्यवहाराचा एक पुरावा दडलेला आहे. ‘मला ही कादंबरी आवडली’ या वाक्यात क्रियापद कादंबरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि वाचणारी व्यक्ती ‘ला’ हा प्रत्यय लावून बाजूला उभी राहते. भाषाशास्त्रात अशा पदाला अनुभव घेणाऱ्याचे पद मानतात, म्हणजे क्रिया करणारा नव्हे, तर जिच्या ठायी ती क्रिया घडते ती व्यक्ती. ‘मला ताप आला’, ‘मला भूक लागली’, ‘मला आठवले’ ही वाक्ये याच घडणीची आहेत. आवडणे ही अशा रीतीने माणसाच्या बाबतीत घडणारी गोष्ट ठरते, आणि याचा गप्पांवर थेट परिणाम होतो: ज्याला आवडले नाही त्याला दोष देता येत नाही, कारण भूक लागली नाही म्हणून कुणी कुणाशी भांडत नाही; भांडण करायचे तर ते ‘का नाही आवडले’ यावरच करावे लागते. मैत्रीतल्या मतांची खरी संपत्ती या ‘का’ मध्ये असते. जिथे तो विचारलाच जात नाही, तिथे एकाने ‘भारी’ म्हटले, दुसऱ्याने ‘बोअर’ म्हटले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले, एवढेच घडते.

मत देणाऱ्यांचे स्वभावही सारखे नसतात, आणि त्यांची वर्गवारी भारतीय साहित्यविचारात फार पूर्वी झालेली आहे. इ.स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहार दरबारात वावरलेला राजशेखर हा संस्कृत आणि प्राकृत या दोन्ही भाषांत लिहिणारा नाटककार आणि शास्त्रकार होता. त्याचे घराणे यायावर नावाचे, आणि त्याच्या पणजोबाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले जाई. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: कवीकडे असते ती कारयित्री, म्हणजे निर्माण करणारी, आणि रसिकाकडे असते ती भावयित्री, म्हणजे निर्माण झालेले ओळखून त्याची अनुभूती घेणारी. वाचणे आणि पाहणे यांनाही प्रतिभा लागते, हा विचार या विभागणीत आहे. ज्याच्याकडे ही दुसरी प्रतिभा असते तो ‘भावक’, आणि असे भावक राजशेखराने चार प्रकारचे मानले. ‘अरोचकी’ म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा. आयुर्वेदात अरोचक हे तोंडाची चव गेल्याचे नाव आहे. ‘सतृणाभ्यवहारी’ म्हणजे दाण्याबरोबर गवतही गिळणारा, अर्थात समोर येईल ते सारखेच आवडून घेणारा. ‘मत्सरी’ हा दुसऱ्याच्या गुणांकडे पाहूच इच्छित नाही, आणि ‘तत्त्वाभिनिवेशी’, म्हणजे कृतीच्या मर्माशी जाऊन पोहोचणारा, हा दुर्मीळ. अरोचकीविषयी राजशेखराने केलेला आणखी एक भेद फार मोलाचा आहे: एखाद्याची नावड उपजत असेल तर तिच्यावर इलाज नाही, पण ती ज्ञानातून आलेली असेल, तर खरोखर श्रेष्ठ कृती समोर आली की ती विरघळते.

कुठल्याही मित्रमंडळात ही चारही माणसे थोड्याफार फरकाने आढळतात, आणि मैत्रीतल्या मताला छापील मतापेक्षा वेगळे वजन का येते, हे इथे स्पष्ट होते. ज्या मित्राला वर्षभरात दोन सिनेमेही आवडत नाहीत, त्याने ‘जाऊन ये’ एवढे दोनच शब्द उच्चारले तर ऐकणारा त्याच आठवड्यात तिकीट काढतो. उलट ज्या मैत्रिणीला प्रत्येक पुस्तक ‘अप्रतिम’ वाटते तिच्या स्तुतीतून विशेषणे वजा करूनच अर्थ काढला जातो, आणि तिने एखाद्या पुस्तकाला ‘ठीक आहे’ म्हटले तर ते हाती न घेतलेलेच बरे, असा निष्कर्ष निघतो. वृत्तपत्रातला परीक्षक अनोळखी वाचकांसाठी लिहितो आणि वाचकही त्याला ओळखत नाहीत, त्यामुळे हे वजनमाप तिथे चालत नाही. मित्राच्या मतामागे मात्र अनेक वर्षांच्या मागच्या मतांचा हिशोब उभा असतो.

माणसे निर्णय घेताना प्रसारमाध्यमांवर किती आणि ओळखीच्या लोकांवर किती विसंबतात, याचा शोध समाजशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील डिकेटर या मध्यम आकाराच्या शहरात १९४५ मध्ये सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि त्यावर आधारलेले एलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड यांचे ‘पर्सनल इन्फ्लुएन्स’ हे पुस्तक १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. घरखर्चाची खरेदी, पेहराव, सार्वजनिक प्रश्न आणि सिनेमाला जाणे अशा चार बाबतींत या स्त्रिया कुणाचे ऐकतात, हे तिथे विचारले गेले. माध्यमांतला मजकूर आधी काही मोजक्या, अधिक लक्ष देणाऱ्या व्यक्तींपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्या बोलण्यातून तो इतरांपर्यंत जातो, अशी ‘दोन टप्प्यांच्या प्रवाहा’ची कल्पना या अभ्यासाने बळकट केली. अशा व्यक्तींना ‘मतपुढारी’ म्हणता येईल. ते वरच्या वर्गातले किंवा अधिकारपदावरचे असतात असे मात्र आढळले नाही. ते सर्व थरांत, आपल्यासारख्याच लोकांमध्ये विखुरलेले होते, आणि सिनेमाच्या बाबतीत तर तरुण, अविवाहित मुलींचा शब्द सर्वाधिक चालत होता. घरातल्या मोठ्यांनी कुठला सिनेमा पाहावा हे कॉलेजात जाणारी मुलगी ठरवते, हे चित्र मराठी घरांना अनोळखी वाटू नये.

भारतीय चित्रपटव्यवसायात याच शक्तीला ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात, म्हणजे पाहून आलेल्यांच्या तोंडून होणारी जाहिरात. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत व्यवसायातल्या अनेकांनी तो पडला असे मानले होते. पुढे प्रेक्षकांच्या बोलण्यातून तो चढत गेला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची गोष्ट आकाराने लहान, पण मराठी प्रेक्षकाला अधिक जवळची आहे. नातवाचे डोळे जाणार हे कळलेला कोकणातला आजोबा, तो नातू आणि एक डॉक्टर एवढ्यांभोवती फिरणाऱ्या या सिनेमाला २००४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, जो त्यापूर्वी मराठीत फक्त ‘श्यामची आई’ला मिळाला होता. पुरस्काराने नाव झाले हे खरे, पण शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला जग दाखवायला घेऊन जातो त्याविषयी बोलताना पाहून आलेल्या माणसाचा आवाज बदलतो, आणि तो बदललेला आवाज ऐकणाऱ्याला चित्रपटगृहापर्यंत घेऊन जातो; हे काम पोस्टर करू शकत नाही.

मतांची देवाणघेवाण व्हायची तर दोघांनी एकच गोष्ट वाचलेली किंवा पाहिलेली असावी लागते, आणि सिनेमाच्या मानाने पुस्तकाच्या बाबतीत ही अट अवघड आहे. महाराष्ट्रात ती वाचनालयांनी पुरी केली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले. या संस्थांनी गावाला पुस्तके दिली आणि त्यांबरोबर एकच प्रत हातोहात फिरवून वाचणारा एक वर्गही घडवला. या फिरत्या प्रतीवर मतांचे ठसे राहतात. वाचनालयातले जुने, पुन्हा बांधणी केलेले पुस्तक उघडले की मागच्या बाजूला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते, आणि आत समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे असतात: एका ठिकाणी ‘सुंदर!’, चार पानांनंतर ‘रटाळ’, त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘मग वाचता कशाला?’, आणि रहस्यकथा असेल तर कधी पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली ओढलेली रेघ. पुस्तक खराब करणारी ही सवय ग्रंथपालांना त्रासाची आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. तरीही एकमेकांना कधीही न भेटलेल्या वाचकांनी वर्षानुवर्षांच्या अंतराने एकाच पानावर केलेले हे संभाषण आहे, आणि बोलायला कुणी जवळ नसले तरी मत सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही, हे त्यातून दिसते.

दिवाळी अंकांनी हीच गरज दुसऱ्या मार्गाने भागवली. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि सगळे अंक विकत घेणे कुणालाच परवडत नसल्याने एकेकाने एकेक घ्यायचा व फराळाबरोबर अदलाबदल करायची, ही रीत घरोघरी रुळली. अंक परत करताना ‘कथा वाचलीस का ती?’ हा प्रश्न ओघानेच येतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची एक पेटी एखाद्या वाचकगटाकडे जाते, आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. या पेट्या पुढे दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. पेटीमुळे पुस्तके मिळतात, हा तिचा उघड उपयोग. पण जिन्यात भेटणारी दोन माणसे एकाच शंभर पुस्तकांतली काही पुस्तके वाचत असतात, हा उपयोग त्याहून मोठा आहे, कारण परमुलखात मराठी पुस्तक मिळवता येते, त्याविषयी मराठीत बोलायला माणूस मिळवणे अधिक कठीण असते.

माणूस जवळ नसेल तर पत्र होते. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करत, सभासमारंभ टाळत आणि मराठीतल्या आपल्या बहुतेक मित्रांना प्रत्यक्षापेक्षा पत्रांतूनच अधिक भेटत. त्यांची निवडक पत्रे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध झाली आहेत, आणि सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. या पत्रव्यवहारात वाचलेल्या पुस्तकांविषयीचे बोलणे हे नात्याचे मुख्य सूत्रच आहे. पत्रातल्या मताचा गुण असा, की लिहिताना विचाराला सवड मिळते आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्यालाही ते पुस्तक मिळवून वाचायला अवधी मिळतो. आज संदेश क्षणात पोहोचतो आणि अंगठ्याच्या एका चित्राने उत्तरही येते. वेग वाढल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही, पण त्या अंगठ्यात ‘का’ला जागा उरत नाही, ही हानी खरी आहे. पाचपैकी तारे देण्याच्या पद्धतीचेही तसेच: साडेतीन तारे मिळालेला सिनेमा भिडला पण जमला नाही, की जमला पण भिडला नाही, हे त्या आकड्यातून कधीच कळत नाही, आणि पाहू इच्छिणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

सिनेमा पाहून झाल्यावर थांबून बोलावे, यासाठी भारतात एक चळवळच उभी राहिली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, व्यावसायिक चित्रपटगृहांत न येणारे देशोदेशीचे सिनेमे दाखवणारी आणि त्यांवर चर्चा घडवणारी संस्था. अशा संस्थांचा महासंघ १९५९ मध्ये झाला, आणि मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, ज्याच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकाने सिनेमाविषयी मराठीत लिहिण्याला हक्काचे स्थान दिले. या संस्थांचे श्रेय पुष्कळदा त्यांनी दाखवलेल्या दुर्मीळ चित्रपटांना दिले जाते. पण सिनेमा संपल्यावर दिवे लागतात आणि खुर्च्या सोडायच्या आत कुणीतरी पहिले वाक्य बोलतो, ती पाच-दहा मिनिटे त्या चित्रपटांइतकीच महत्त्वाची होती, कारण मतभेद सभ्यपणे ऐकून घेण्याची सवय तिथे लागत असे.

मतभेद सर्वाधिक फळतो तो एकाने पुस्तक वाचलेले आणि दुसऱ्याने त्यावरचा सिनेमा पाहिलेला असतो तेव्हा. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमोल पालेकर यांनी तिच्यावरचा चित्रपट १९९५ मध्ये केला. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण मास्तर म्हणून रुजू होणारा राजाराम, त्याला आधी जोखून पाहणारा आणि मग जवळ करणारा कारभारी, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडत जाणारी वाडी एवढाच तिचा ऐवज आहे, आणि माडगूळकरांचे गद्य इतके कमी शब्दांचे आहे की माळ किती रुंद, कारभाऱ्याचा चेहरा कसा, हे बरेचसे वाचणाऱ्यावर सोडलेले आहे. कॅमेऱ्याला हे सोडता येत नाही. त्याला एक विशिष्ट माळ, एक विशिष्ट चेहरा निवडावाच लागतो. त्यामुळे वाचलेला मित्र म्हणतो ‘माझा कारभारी असा नव्हता’, आणि सिनेमा पाहिलेला मित्र म्हणतो की ओसाड वाडीची शांतता त्याला पडद्यावरच पहिल्यांदा कळली. दोघांचेही खरे असते. हा वाद मिटवण्याची घाई केली नाही, तर पहिला चित्रपट पाहायला जातो, दुसरा कादंबरी मागून नेतो, आणि पुढच्या भेटीत दोघेही आपापल्या आधीच्या वाक्यात दुरुस्ती करतात. ज्या मित्रांच्या आवडी तंतोतंत जुळतात त्यांच्यात असे काही घडत नाही. त्यांच्या गप्पा सुखाच्या असतात, पण लवकर संपतात.

राजशेखराच्या ग्रंथात या प्रकारच्या मतभेदाची एक जुनी नोंद आहे. ‘पाक’, म्हणजे काव्यातली शब्दरचना पिकून परिपक्व होणे, याची चर्चा करताना तो पूर्वीच्या शास्त्रकारांचे असे मत देतो की जिथला एकही शब्द काढून त्याजागी दुसरा घालता येत नाही, ती रचना पक्व समजावी. त्यानंतर लगेच तो आपल्या पत्नीचे, चौहान कुळातल्या अवंतीसुंदरीचे मत देतो. तिचे म्हणणे असे, की शब्द बदलता न येणे हा पाक नव्हे, ती कवीची असमर्थता आहे. मोठा कवी एकच गोष्ट अनेक परींनी तितक्याच पक्वपणे सांगू शकतो, म्हणून रसाला साजेसे शब्द आणि अर्थ यांची गुंफण हाच पाक मानला पाहिजे. शास्त्रकारांच्या मतांच्या रांगेत, तिच्या नावानिशी, हे मत तिथे लिहिलेले आहे.